काकूंच्या टेबलावरचा कॅमेरा

वर बघा. अहो, खिडकीकडे नाही, टेबलाच्या बरोबर वर. लोखंडी दांड्याला उलटा टांगलेला, मुठीएवढा काळा डबा दिसतोय ना? तोच मी. मी कॅमेरा बोलतोय.

समारंभात मिरवणारे, लोकांना ‘जरा हसा’ म्हणून सांगायला लावणारे माझे भाऊबंद वेगळे. माझ्यासमोर आजवर फोटोसाठी कुणी हसलेलं नाही. माझ्या वाट्याला आले पुठ्ठ्याचे खोके, चिकटपट्टी आणि दोन हात. पण त्या दोन हातांसाठी मी जगातल्या सगळ्या समारंभांवर पाणी सोडायला तयार आहे.

जन्म म्हणाल तर एका मोठ्या कारखान्यातला. तिथे एका बाईने माझ्यापुढे बारीक अक्षरांचा कागद धरला, मी तो धडाधड वाचून दाखवला आणि तिने माझ्या पाठीवर ‘पास’ची चिठ्ठी चिकटवली. माझी शाळा तेवढीच. तिथून मी थेट या चष्म्यांच्या गोदामात आलो.

इथून लोकांच्या घरी चष्मे जातात. प्रत्येक चष्मा एकाच माणसाच्या नंबरचा. दुसऱ्याने लावला तर त्याला पायरी दिसायची नाही, उलट डोकं दुखायचं. चष्म्याच्या डबीवर, म्हणजे केसवर, ऑर्डरचा आकडा असलेली बारीकशी चिठ्ठी असते. खोक्यात केस ठेवायची, काच पुसायचं मऊ फडकं ठेवायचं, पट्टी मारायची, वर पत्त्याचं लेबल लावायचं. ऐकायला सोपं आहे. दिवसभर करून बघा, म्हणजे कळेल.

टेबलावर दोन चौकोन रंगवलेत. पहिल्यात उघडा खोका येतो, आतली केसही उघडीच. मी फ्रेम बघतो, चिठ्ठी वाचतो, फडकं आहे ना ते बघतो. दुसऱ्यात तोच खोका बंद होऊन येतो; मी लेबल वाचतो आणि आत्ता आत पाहिलेला चष्मा याच पत्त्याचा ना, हे ताडून बघतो. जमलं तर हिरवा दिवा, नाही जमलं तर लाल. हुज्जत घालायला मला तोंड नाही आणि लाल दाबून हिरवा लावायची माझ्यात सोयच नाही.

या टेबलावर काकू काम करायच्या. त्यांना सगळं गोदाम काकूच म्हणायचं, वयाने त्यांच्याहून मोठा असलेला वॉचमनसुद्धा. मला बसवलं त्या दिवशी कमरेवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की माझी काच तडकायची बाकी होती.

“म्हणजे आता मी चोर?” त्या म्हणाल्या.

“तसं नाही हो काकू,” सुपरवायझर म्हणाला. हा गडी दिवसभर ‘चला चला’ करत फिरायचा, म्हणून त्याचं नावच चलाचला पडलं होतं. माणूस वाईट नव्हता, त्याच्या पायांना फक्त थांबणं माहीत नव्हतं. “तुमच्याच भल्यासाठी बसवलाय. तो गुलाबी चष्मा विसरलात का?”

काकूंनी कमरेवरचे हात खाली घेतले. गुलाबी चष्मा कोण विसरणार? फुलाफुलांचा तो चष्मा एका दाढीवाल्या ट्रकचालकाच्या घरी गेला होता, आणि त्याचा जाड काळा चष्मा एका शाळकरी मुलीला. सगळं गोदाम आठवडाभर पोट धरून हसलं. काकूंना मात्र ऑफिसातून निरोप आला होता: अशी चूक पुन्हा झाली तर टेबल सोडायचं आणि रॅकमध्ये माल काढायला जायचं. रॅकमध्ये शिड्या चढायच्या, दिवसभर पायपीट करायची. काकूंचे गुडघे आधीच बोलायला लागलेले. टेबल गेलं की नोकरीच गेली, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि चलाचलालाही.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्यावर चक्क फडकं टाकलं. “आता बघ काय बघायचं ते,” म्हणाल्या. मी अंधारात गुमान बसलो. सुट्टी संपली तेव्हा माझ्याशिवाय टेबल चालेना, म्हणून नाइलाजाने फडकं काढलं. काढता काढता त्यावर जमलेली धूळ माझ्या काचेला फासली गेली. मग त्याच फडक्याने काच पुसावी लागली. तेव्हापासून रोज सकाळी कोट चढवला की पहिलं काम काच पुसण्याचं, आणि पुसताना मला दोन शब्द ऐकवण्याचं.

“आज गुण उधळू नकोस हं, मेल्या.”

मी काय गुण उधळणार? मी तर नुसता बघत राहायचो. काय ते हात! केसमधला चष्मा उचलायच्या तेव्हा अंगठ्याने बिजागरीचा अंदाज घ्यायच्या. बिजागरी जरा कुरकुरली की चष्मा बाजूला. फडक्याची घडी अशी घालायच्या की खोका उघडणाऱ्याला आधी फडकं दिसावं आणि हात लावण्याआधी बोटं पुसावीशी वाटावीत. पट्टीचं टोक नेहमी दुमडून ठेवायच्या. चलाचलाने एकदा विचारलं, “हा वेळ कशाला घालवता?” तर म्हणाल्या, “ज्याला नीट दिसत नाही त्यानेच खोका उघडायचा ना? मग टोक त्याने कुठे शोधत बसायचं?” मी अनेक हात पाहिलेत, पण पलीकडच्या माणसाचा इतका विचार करणारे हे एकच.

एक खोड मात्र होती. लेबलं सकाळीच क्रमाने छापून यायची. काकू एक लेबल सोडवायच्या आणि स्वतःच्या कोटाच्या बाहीवर हलकेच चिकटवून ठेवायच्या. मग दोन्ही हात पट्टीला मोकळे. पट्टी मारून झाली की बाहीवरचं लेबल खोक्यावर. झकास चालायचं.

माझ्याशी त्यांचं रोज वाजायचं. मी लाल लावला की म्हणायच्या, “काय झालं रे आता? सगळं बरोबर आहे.” मग खोका उघडायच्या आणि फडकं राहिलेलं असायचं, नाहीतर तपकिरी फ्रेमच्या जागी काळी आलेली असायची. “बरं बाबा, तू जिंकलास,” म्हणायच्या. एकदा चकचकीत पट्टीवर उजेड पडून माझे डोळे दिपले होते आणि मी उगाचच लाल झालो होतो. तेव्हा त्यांनी टेबलावरचा दिवा जरा तिरका केला आणि चारचौघांत सांगितलं, “याची चूक नाही, उजेडाची आहे.” त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मग तो दिवस उजाडला. मालाचा नुसता ढीग पडला होता. खाली गाडी लागलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवून जीव खात होता. काकूंचा हात चालू असतानाच पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी पट्टीचा रोल मागितला. काकूंनी तो नेऊन दिला, परत आल्या आणि समोरचा अर्धवट राहिलेला खोका बंद करून लेबल लावलं.

लाल.

“चमकतंय का रे?” त्यांनी दिवा तिरका केला. तरी लाल. खोका उघडला; चष्मा बरोबर, चिठ्ठी बरोबर, फडकंसुद्धा घडी घालून. खोका बाजूला ठेवला, दुसरा घेतला. लाल. तिसरा. लाल. बाजूला खोक्यांचा डोंगर व्हायला लागला.

चलाचला धावत आला. “काय झालं?”

“सगळंच लाल दाखवतोय.”

“बिघडलाय तो! एखादा खोका चुकेल, सगळे कसे चुकतील? बंद करा त्याला आणि भरा गाडी. चला, चला!”

त्याने हात वर केला. माझी तार त्याच्या बोटांत आली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझी भाषा दोनच दिव्यांची. मी लाल लावला होता, त्याहून जास्त काय करणार?

काकूंच्या कपाळावर घाम आला होता. माल थांबवला तर गाडी चुकली म्हणून त्यांच्याच नावाने शंख. पाठवला आणि चुकीचा निघाला तर टेबल गेलं. त्यांनी एकदा खोक्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“हात लावू नका त्याला,” त्या म्हणाल्या.

“काकू, गाडी...”

“थांबू दे गाडी. मी याच्याशी रोज भांडते साहेब, आणि रोज हरते. आजच हा खोटारडा कसा होईल?”

चलाचलाचा हात तारेवरच राहिला. काकूंनी पहिला लाल खोका घेतला आणि केसवरची चिठ्ठी लेबलाच्या कोपऱ्यातल्या बारीक आकड्याला भिडवली. मग दुसऱ्याची. मग मटकन स्टुलावर बसल्या.

“अगं बाई! लेबल पुढच्याचं आहे. याच्यावर त्याचं, त्याच्यावर त्याच्या पुढच्याचं. सगळी एक घर सरकलीत!”

चलाचलाने माझी तार सोडली. गाडी गेली असती तर सगळ्या गावाने एकमेकांचे चष्मे लावले असते. पण एक लेबल गेलं कुठे? टेबलाखाली शोधलं, कचऱ्याची टोपली उलटी केली, छपाईच्या यंत्रात डोकावून झालं. कुठेच नाही. चलाचला चक्क गुडघ्यांवर रांगत होता. एरवी मला हसू आवरलं नसतं, पण काकूंचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात ड्रायव्हर तणतणत वर आला. “अहो, माझी गाडी काय इथेच मुक्कामाला ठेवू?” म्हणाला आणि थबकला. “काकू, तुम्हाला कुठे पाठवायचंय?”

“मला?”

“तुमच्या कोपराला पत्ता लागलाय!”

काकूंनी हात वळवला. बाहीवर हलकेच चिकटवलेलं लेबल रोल द्यायला जाताना सरकून कोपरामागे जाऊन बसलं होतं. त्यांना दिसलं नाही, आणि वरून मलाही नाही. चलाचलाच आधी फुटला आणि सगळं गोदाम असं हसलं की काकू डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. चलाचलाने स्वतः स्टूल ओढून घेतलं आणि दोघांनी मिळून लेबलं सोडवून पुन्हा लावली. मी एकेका खोक्याला हिरवा देत गेलो. आयुष्यात इतक्या आनंदाने दिवा लावल्याचं मला आठवत नाही. गाडी उशिरा गेली, पण प्रत्येक चष्मा आपापल्या नाकावर गेला.

ऑफिसातून विचारणा झाली तेव्हा चलाचलाने सांगितलं, “उशीर माझ्यामुळे झाला. काकू होत्या म्हणून माल वाचला.” काकूंना टेबलावरून कुणी उठवलं नाही. बाहीची खोड तेवढी गेली. लेबल ठेवायला टेबलाला पत्र्याची पट्टी ठोकली. तिच्यावर जाता येता हात ठेवून त्या मला म्हणायच्या, “बघ, तुझ्यामुळे माझी बाही गरीब झाली.”

पुढे बरीच वर्षं आमचं भांडण सुखाने चाललं. मग गुडघ्यांनी ऐकायचंच सोडलं आणि काकू आपण होऊन उठल्या. शेवटच्या दिवशी निरोपाची धांदल होती. संध्याकाळी त्या टेबलापाशी आल्या. एका खोक्यात आपला कप, कात्री आणि बसायची छोटी उशी ठेवली, पट्टी मारली, टोक दुमडलं. स्वतःच्या हाताने घरचा पत्ता लिहिला आणि खोका चौकोनात सरकवला.

“बघ रे, सगळं आलं का?”

मी पाहिलं. त्या कपाची ऑर्डर कुठेच नव्हती, त्या पत्त्याचा चष्मा नव्हता. एकदा, फक्त एकदा मला खोटा हिरवा लावायचा होता. पण काकूंनी गाडी थांबवली होती ती माझ्या खरेपणावर विश्वास ठेवून, आणि माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती. मी लाल लावला.

काकू बघत राहिल्या. मग कपाळावर हात मारून घेतला. “राहिलंच की! सकाळपासून पुसलंच नाही तुला.”

त्यांनी मऊ फडकं घेतलं, टाचा उंचावल्या, दुखरे गुडघे ताठ केले आणि माझी काच पुसली. अगदी कडेपर्यंत, सावकाश. मग खोका काखेत मारून निघून गेल्या.

आता या टेबलावर नवी पॅकर आहे. हात चपळ आहेत, स्वभावही गोड. पण तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि माझ्या काचेवर धूळ साचत चाललीय. परवा मला तपकिरी आणि काळ्यातला फरक ओळखायला वेळ लागला. तुम्ही इथून जाताना तिला एवढं सांगाल का? पट्टीचं टोक दुमड म्हणावं. आणि सकाळी कोट चढवलास की वर बघ, काच पूस. पुसताना दोन शिव्या घातल्यास तरी चालतील, उलट बरंच वाटेल त्याला.