फिरस्ता मेंदू

मी एक नकली मेंदू बोलतोय. बाहेर प्लॅस्टिकची कवटी, आत घट्ट जेली. विचारांच्या नावानं शंख. तरीही बारा देशांतल्या डॉक्टरांनी मला डोक्यावर घेतलंय!

त्याचं असं झालं. डोक्याला मार बसलेल्या माणसांचे एमआरआय हे सगळे देश मिळून अभ्यासणार होते. पण प्रत्येक यंत्राची नजर वेगळी. म्हणून मला घडवलं आणि देशोदेशी धाडलं. मी जातो तिथे तोच असतो. माझ्या स्कॅनचे आकडे सगळीकडे सारखे आले, की त्या यंत्रांवर विसंबता येतं.

काल या रुग्णालयात पोचलो. इथली तंत्रज्ञ ताई दारातच उभी होती. दोन वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ जिन्यावरून पडला. रिपोर्ट नॉर्मल आला. पण तेव्हापासून तो गॅस चालू ठेवून विसरतो, बोलता बोलता अडतो, भडकतो. लोक म्हणतात, नाटकं करतो. यंत्र पास झालं तर इथला पहिला रुग्ण तोच. हजारो मेंदूंच्या शेजारी त्याचा ठेवला, तर कदाचित काही दिसेल.

ताईनं मला खोक्यातून काढलं ते थेट यंत्रात सरकवलं. आकडे चुकले. पुन्हा केलं, पुन्हा चुकले.

"यंत्र म्हातारं झालंय," डॉक्टर हळूच म्हणाले. "या अभ्यासातून आपलं नाव काढून घ्यावं लागेल."

ताईनं माझ्या आधीच्या मुक्कामाच्या ठिकाणी, दुसऱ्या देशातल्या तंत्रज्ञबाईंना फोन लावला.

"हात लावून बघा त्याला," पलीकडून आवाज आला. "गार आहे?"

ताईनं माझ्या टाळूवर हात ठेवला. "अहो, बर्फ आहे नुसता."

"मग घोड्यावर बसून काय आलात? पाहुणा प्रवासातून आलाय, जरा टेकू द्या की. जेली गारठली की आकडे बिघडतात. आम्हीही हेच केलं. आमचे साहेब तर यंत्र मोडीत काढायला निघाले होते."

मी रात्रभर यंत्राशेजारच्या उबदार खोलीत टेकलो. आज सकाळी आकडे जुळले! डॉक्टरांनी टाळी वाजवली. ताईनं लगेच भावाला फोन लावला.

मग भाऊ आला. माझ्याकडे बघत राहिला. "हा कोण?"

"तुझ्या आधीचा नंबर."

"बोलतो का?"

"अजिबात नाही."

"मग घरी नेऊ. आई म्हणेल, एक तरी गुणी निघाला."

ताई हसली आणि त्याला आत घेऊन गेली.

मला आता खोक्यात भरताहेत. पुढचा देश वाट बघतोय. भिंतीपलीकडे यंत्राची धडधड सुरू झाली आहे. तुमच्या घरातलं कुणी असं पडून 'बरं' झालं असेल आणि तरी परकं वाटत असेल, तर त्याच्यापाशी बसा. आम्ही शोधतोय. पुष्कळ जण आहोत.