पट्ट्यावरचं पोट

अग्निशमन केंद्रात वर्षातून एकदा जवानांच्या कमरा मोजल्या जात. हे काम डॉक्टरकडे नव्हतं, स्टोअरवाल्याकडे होतं. गणवेशाचे पट्टे तोच देतो, टेपही त्याच्याकडेच असते, एवढंच कारण. पंचाण्णव सेंटिमीटरच्या वर गेलेला माणूस बंबावरून उतरायचा आणि सहा महिने फोनच्या टेबलावर बसायचा.

दाजींना तिथे सगळेच दाजी म्हणत, कारण त्यांचा मेव्हणा पैलवान त्याच केंद्रात होता. आगीत शिरताना जोडीने जायचं असतं. दाजी पुढे, पैलवान मागे. पाच महिन्यांपूर्वी एका गोदामात दुसऱ्या मजल्यावर दाजी धुराने कोसळले. पैलवानाने त्यांना खांद्यावर घेतलं, चार पायऱ्या उतरला आणि धापा टाकत मटकन बसला. शेवटी दुसऱ्या जोडीने दोघांनाही ओढून बाहेर काढलं.

दाजींनी दोष स्वतःला दिला. आपणच जड झालो, त्याला पेलवलो नाही. घरी बायकोने बेंबीवर टेप लावली तेव्हा एकशे चार भरले. दुसऱ्याच आठवड्यापासून रोज पहाटे सरावाच्या मनोऱ्याचे जिने, बारा फेऱ्या. जेवण निम्मं, गोड बंद. पोट असं हट्टी की पहिला महिनाभर हललंच नाही. दाजीही हटले नाहीत.

"आणि तुझा भाऊ?" ते दर रविवारी विचारत.

"त्यानेही सुरू केलंय म्हणाला," बायको टेप गुंडाळत सांगे.

मोजणीच्या दिवशी स्टोअरवाल्याने दाजींच्या पट्ट्यावरून टेप फिरवली. "चौऱ्याण्णव! दाजी, पार आगकाडी झालात की!"

मग पैलवान पुढे आला. पट्टा पोटाच्या पार खाली सरकवलेला, वर पोट पोत्यासारखं ओघळलेलं. टेप पट्ट्यावरूनच फिरली.

"ब्याण्णव."

"कुठे मोजलंस?" दाजींनी विचारलं.

"पट्टा बसतो तिथे. नियमच आहे."

"पोट कुठे, पट्टा कुठे! बेंबीवर लाव."

"बेंबीवर लावली तर अर्धं केंद्र फोनवर बसेल. मग बंब काय वहिनी चालवणार?"

सगळे हसले. पैलवानही हसला, आणि दाजींच्या डोक्यात तिडीक गेली.

"जिने चढतो म्हणाला होतास ना ताईला?"

"चढतो की दाजी. सवड मिळेल तसा."

"चल मनोऱ्यावर. चौथ्या मजल्यावरून मला खांद्यावर घेऊन खाली उतर."

आरडाओरडा ऐकून केंद्राचे साहेबही बाहेर आले. वर पोहोचेपर्यंतच पैलवानाचा सदरा घामाने भिजला होता. त्याने दाजींना उचललं, एक मजला कसाबसा उतरला आणि तिसऱ्याच्या वळणावर कठडा धरून उभा राहिला. खांद्यावर लोंबकळत दाजी त्याचा श्वास ऐकत होते. पाच महिने निम्म्या पोटी झोपलो ते या माणसाचं ओझं हलकं व्हावं म्हणून. आणि ओझं आपलं नव्हतंच!

"एक मिनिट, दाजी. एकच मिनिट."

"आगीत कुठलं आलंय मिनिट? उतरव मला!"

खाली साहेबांनी कागद पुढे केला. "तमाशा पुरे. मोजणीत दोघंही बसता. जोडीच्या सह्या करा."

"याला मागे घेऊन मी आत शिरणार नाही."

"माझ्याकडे तिसरा माणूस नाही. जोडी मोडली तर दोघंही फोनवर. सहा महिने."

दाजींनी सही न करताच पेन परत दिलं.

फोनच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. पैलवान एकीत धपकन बसला. "डोकं फिरलंय का तुमचं? एवढे जिने झिजवले ते इथे बसायला? ताईला काय सांगू मी?"

"सांग, नवरा जिवंत आहे. आणि त्यात तुझा काडीचाही हात नाही."

"हे जरा जास्त होतंय, दाजी."

"कमीच होतंय."

फोन वाजला. एका इमारतीत स्वयंपाकघर पेटलं होतं. दाजींनी मजला विचारला, पत्ता लिहिला, दोनदा वाचून खात्री केली आणि बंबाच्या चालकाला द्यायचा कागद पैलवानाच्या तोंडासमोर धरला.

"ऊठ. बंबापर्यंत ने. आणि चालत गेलास तर याद राख."