जुन्यातला थांबला होता

जुन्या पिक्चरवरून काढलेला हा नवा पिक्चर गौरवीला मुळीच आवडला नाही. म्हापशाच्या थिएटरातून बाहेर पडल्यापासून ती निलेशला तेच सांगत सुटली होती. दरोड्याचा तो जुना पिक्चर दोघांना तोंडपाठ, कॉलेजात असताना निलेशच्या फोनवर डोक्याला डोकं लावून पाहिलेला. त्यात तिजोरी फोडल्यावर साथीदार होडीतून पळतात, नायक तेवढा आपल्या मैत्रिणीसाठी धक्क्यावर थांबतो आणि पकडला जातो. नव्यात तिजोरी मोठी, गाड्या महागड्या, ड्रोन काय नि काय काय. आणि नायक? तो स्वतःच होडीवाल्याला 'चल' म्हणतो, आणि पोलिसांचा पत्ता नसताना मागाहून मैत्रिणीला फोन करतो की पोलीस आले, माझा इलाज नव्हता.

पण गौरवी काही पिक्चरसाठी पेडण्याहून आली नव्हती. त्यांच्या गावात लग्न ठरवण्याआधी ग्रामदेवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर देव राजी, डावीकडची पडली की विषय संपला. गेल्या वर्षी दोघांच्या लग्नाचा कौल लावायला निलेशच गेला होता आणि तोंड पाडून परत आला होता. कौल डावा पडला म्हणाला. दोन्ही घरांनी मान खाली घातली. गौरवीचे बाबा, गोकुळदास, तर पार खचले. देवाचं आपल्याच हातून काहीतरी चुकलं आणि भोगतेय पोर, हे त्यांच्या मनाने घेतलं. तेव्हापासून ते देवळात पाऊल टाकेनात, बाहेरूनच हात जोडत. वर्ष सरल्यावर मात्र पुन्हा कौल लावता येतो, अशी गावची रीत होती. त्यासाठी निलेशला तयार करायचं, म्हणून तर हे पिक्चरचं निमित्त.

गाड्यावर भाजी-पाव मागवून दोघं बाकावर बसली, तरी तिचं तोंड चालूच. लाज कशी वाटली नाही मेल्याला, म्हणाली. निलेशने पाव मोडला आणि तसाच ठेवला. घाबरला असेल बिचारा, असं काहीतरी तो पुटपुटला.

"घाबरला तर तसं सांगावं. पोलिसांच्या माथी कशाला मारायचं?"

निलेशने ताटली बाजूला सारली. मग खाली बघतच म्हणाला, "गौरवी, मी देवळात गेलोच नव्हतो."

त्या दिवशी तो केरीच्या किनाऱ्यावर बसून राहिला होता आणि घरी येऊन डावा म्हणून सांगितलं होतं. त्याला लग्नच नको झालं होतं. तिच्या तोंडावर तसं सांगायची छाती झाली नव्हती.

गौरवी उठली आणि बसस्टँडकडे चालू लागली. पेडण्याच्या बसमध्ये ती हमसून हमसून रडली, माणसं बघत होती तरी. वर्षभर तिने शिव्या देवाला घातल्या होत्या आणि कीव केली होती निलेशची.

घरी बाबा पडवीत वाटच बघत होते. तयार झाला का तो, त्यांनी विचारलं. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. आता बाबा काठी घेऊन निलेशच्या दारात जाणार, असं तिला वाटलं. गोकुळदास खांबाला धरून खाली बसले.

"म्हणजे देव माझ्यावर रागावला नव्हता गो, बाय?"

"नाही, बाबा."

देवळाच्या दिशेला हात जोडून म्हातारा ढसाढसा रडू लागला. रडता रडता हसत होता. गौरवी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पोरीचं काय झालं, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही.