पंच्याण्णव की एनटी

"ह्याच्यावर प्रोग्राम चालला," मृणाल म्हणाली. "आता दुसऱ्यावर बघू."

टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडे होते. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच काळ्या रंगाचे, अगदी जुळे भाऊ. फरक होता तो पोटात. एकात विंडोज पंच्याण्णव भरलेलं होतं आणि दुसऱ्यात विंडोज एनटी. वापीच्या दुकानातून मृणाल ते रिक्षात मांडीवर सांभाळत सिल्वासाला घेऊन आली होती. नवीनचंद्र शेठना त्यातला एक कारखान्यासाठी घ्यायचा होता, आणि कुठला घ्यायचा ते त्यांचा माणूस झुंबर ठरवणार होता. सकाळी सुरतेला निघताना शेठ गाडीच्या खिडकीतूनच सांगून गेले होते, "झुंबरभाई, तुम जो बोलोगे वो लेंगे. मेरे को तो इसका ढक्कन खोलना भी नहीं आता."

झुंबरनं पंच्याण्णववाल्या लॅपटॉपच्या पाठीमागून कुलूप काढलं. कुलूप म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. प्रिंटरची वायर जिथं लागते तिथं ती खोचलेली असली तरच कारखान्याचा प्रोग्राम सुरू होई. त्यानं ती एनटीवाल्या लॅपटॉपला लावली, फ्लॉपी घातली आणि डाव्या हाताच्या तीन बोटांनी बटणं दाबली. त्या हाताची दोन बोटं आठ वर्षांपूर्वी मशिनीत गेली होती. पडदा काळा झाला, क्षणभर थांबला, आणि एक ओळ उमटली. लॉक नॉट फाउंड.

"लावलं तर आहे," झुंबर म्हणाला.

"लावलंय हो. पण तुमचा प्रोग्राम मागच्या दारानं जाऊन ते चाचपतो ना, ते एनटीला चालत नाही. पंच्याण्णव चालवून घेतं. हे शिस्तीचं आहे." मृणाल ठाण्याची. चोवीस वर्षांची पोर, पण यंत्रांबद्दल बोलताना आपल्या घरातल्या माणसांविषयी बोलावं तशी बोले. "प्रोग्राम कुणी लिहिलाय? त्यालाच बोलवा."

"प्रसादसाहेबांनी. ते गेले मस्कतला. चार वर्षं झाली."

"मग एनटी घेतलं तर प्रोग्राम नवाच करून घ्यावा लागेल. मुंबईच्या दोन-तीन कंपन्या देतात तयार करून. सोपे असतात. कुणीही पोरगा आठ दिवसांत शिकेल."

कुणीही पोरगा. आठ दिवसांत. झुंबरनं ते मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं, आणि चहा सांगायच्या निमित्तानं तो उठून बाहेर गेला. चेहऱ्यावरचा आनंद त्या पोरीला दिसला असता तर तिला काय वाटलं असतं!

आनंदाचं कारण सांगायला हवं. कारखाना होता सूत रंगवायचा, नरोलीच्या रस्त्याला. एका वेळी एका टाकीत जेवढं सूत रंगतं तो एक लॉट. पोपटी म्हटला तरी आजचा पोपटी आणि उद्याचा पोपटी यांत केसाएवढा फरक राहतोच, आणि दोन लॉट एका मागावर चढले की कापडावर पट्टा उठतो. मग माल घेणारी पार्टी फोनवर आईबहीण काढते. म्हणून कुठला लॉट कुणाकडे गेला, त्याच्याशी जुळणारा भाऊबंद कुठला आणि तो गोदामात किती उरला, हे सगळं त्या प्रोग्राममध्ये होतं. प्रसादसाहेब हुशार माणूस, पण पसाऱ्याचा. कुठली यादी कुठल्या बटणावर, कुठं दोनदा दाबायचं, महिना बदलला की तारीख एक दिवस मागं का न्यायची, हे त्यांनी कुठंच लिहून ठेवलं नाही. ते त्यांना माहीत होतं आणि झुंबरला. ते मस्कतला गेले, आणि उरला झुंबर.

तेव्हापासून झुंबर जो अडकला तो अडकलाच. शेठनी हाताखाली दोन माणसं देऊन बघितली. पहिला दीड महिन्यात पळाला, दुसऱ्यानं एका दुपारी तीनशे लॉट पुसले आणि त्याला पळवावं लागलं. "झुंबरभाई गये तो कारखाना अंधा," असं शेठ पाहुण्यांना कौतुकानं सांगत, आणि झुंबर मान खाली घालून हसे. हे कौतुक गळ्याला काचतं हे त्या भल्या माणसाला कसं कळावं? बाप गेला तेव्हा झुंबर तिसऱ्या दिवशी पोचला. वापीहून सुरत, सुरतेहून भुसावळ पॅसेंजर, अमळनेरला उतरून पुढं गाव. पोचला तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. सोनीचा जन्म झाला तेव्हा मार्चअखेर होती. पोरगी एकवीस दिवसांची झाल्यावर बापानं तिला पहिल्यांदा पाहिलं. आई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली, म्हणून बायकोला, लीलाला गाव सोडता येईना, आणि शेठना झुंबर सोडवेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं ते.

तुम्ही म्हणाल, जायचं मुकाट्यानं निघून. सांगायला काय जातं! हात मशिनीत गेला तेव्हा दुसऱ्या मालकानं चार पैसे हातावर ठेवून घरी पाठवलं असतं. नवीनचंद्र शेठनी त्याला स्वतःच्या गाडीत घालून वलसाडला नेलं, बावीस दिवस दवाखान्यात ठेवलं आणि आल्यावर मशिनीवरून उठवून टेबलावर बसवलं. सातवी शिकलेल्या माणसाला! त्या दिवसापासून शेठपुढं 'नाही' हा शब्द झुंबरच्या तोंडून निघाला नव्हता. तो निघायची सवयच राहिली नव्हती.

आता तालुक्याच्या सूतगिरणीत मेहुण्यानं शब्द टाकला होता. स्टोअरची जागा, घरापासून सायकलवर पाऊण तास. पंधरा तारखेच्या आत रुजू व्हायचं, येताना आधीच्या मालकाचं सोडल्याचं पत्र आणायचं. आज नऊ तारीख होती. राजीनाम्याची चिठ्ठी पाच दिवस झुंबरच्या खिशात घामानं मऊ होत होती, आणि शेठच्या केबिनचं दार काही त्याला ढकलवत नव्हतं. अशात ही पोरगी आली आणि सांगू लागली की एनटी घ्या, जुना प्रोग्राम आपोआप मरतो. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

गुरुवार होता. गुरुवारी एक वाजता लीला गावातल्या किराणा दुकानात फोनपाशी येऊन बसे. झुंबरनं गेटसमोरच्या एसटीडीवरून नंबर लावला.

"आते काय म्हणतस तुमना शेठ?" लीलानं गावच्या बोलीत सरळ विचारलं. मिनिटांचे आकडे पळत असतात हे तिला पाठ होतं.

"आज बोलस. नक्की."

"मागला गुरुवारले बी तुम्ही आज बोलस म्हणनात."

"आज येगळं शे. आज एक सोय व्हयनी." लॅपटॉप, एनटी हे तिला काय सांगणार? "मशीन बदली राह्यनी. नवी मशिनीले मनी गरज नही."

पलीकडून ती हळू आवाजात म्हणाली, "गरज नही हाई आयकीसन इतलं बरं कव्हयच वाटनं नही माले." आणि हसली. कित्येक महिन्यांनी हसली. झुंबरनं ते हसू कानाशी धरून ठेवलं, बूथवाल्यानं काच ठोकेपर्यंत.

परत येताना मात्र एक काटा टोचायला लागला. शेठना सांगायचं काय? एनटी पक्कं आहे, चोरापासून सुरक्षित आहे, हे खरंच होतं. पण जुना प्रोग्राम त्यावर चालणार नाही हेही तेवढंच खरं, आणि ते पोटात ठेवलं तर शेठना कळेपर्यंत मशीन घेऊन झालेलं असणार. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, एवढंच. यात खोटं काय? दुपारभर त्यानं स्वतःला हे पटवलं. मृणाल बापडी पंच्याण्णववर पत्ते लावत बसली होती.

शेठ साडेचारला आले. रोज आल्याबरोबर पाणी मागणारा माणूस आज खुर्चीत नुसता बसून राहिला. चेहरा उतरला होता.

"बोलो. कौन सा?"

"शेठ, एनटी," झुंबर म्हणाला.

"फरक क्या है?"

मृणालनं हिंदीत समजावून सांगितलं. "पंच्याण्णव भी पासवर्ड पूछता है, लेकिन रद्द का बटन दबाओ तो भी अंदर चला जाता है. कोई भी खोल सकता है. एनटी में पासवर्ड नहीं मालूम तो हम दुकानवाले भी कुछ नहीं कर सकते. सब पोंछना पड़ेगा."

शेठ एकदम पुढं झुकले. "कोई नहीं खोल सकता? घर का आदमी भी नहीं?"

"नाही. म्हणजे, नहीं."

"बस. यही."

झालं! इतकं सोपं होतं. आता गप्प राहायचं, एवढंच काम होतं. पण त्या माणसाचं मीठ तेरा वर्षं खाल्लेलं. तोंड आपोआप उघडलं.

"शेठ, एक बात है. अपना पुराना प्रोग्राम इसमें नहीं चलेगा. पहले बोलना चाहिए था."

"तो नया बनवा लो." शेठनी हात झटकला. "पुराना जाने दो."

आता मात्र राहवेना. खिशातली मऊ चिठ्ठी काढून झुंबरनं टेबलावर ठेवली. "तो फिर शेठ... मेरा भी. गाँव के पास गिरणी में जगह मिली है. नया प्रोग्राम कोई भी चलाएगा. माँ बिस्तर पे है, बच्ची तीन साल की हो गयी..."

शेठनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"आज सुरत में मालूम है क्या देखा? पार्टियों की पूरी लिस्ट, अपने लॉट नंबर, सब दूसरे कारखाने की टेबल पर. किसने दिया? सुमित ने. सगे भाई का लड़का. गोद में खिलाया मैंने." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "प्रोग्राम तो कोई भी चलाएगा, झुंबरभाई. चाबी किसको दूँ?"

झुंबरची नजर टेबलावरच्या चिठ्ठीकडे गेली. शेठ पुढं बोलले,

"तुम तेरह साल में एक धागा घर नहीं ले गये. जाओ, मैं रोकूँगा नहीं. मेरे को एक नाम बोलो. इस ऑफिस में एक आदमी, जिसके हाथ में मैं ये पासवर्ड दूँ और रात को सो सकूँ. नाम बोलो, अभी सही करता हूँ." आणि खरोखरच त्यांनी पेन उघडून चिठ्ठीवर टेकवलं.

झुंबरनं काचेतून बाहेर बघितलं. चार टेबलं होती. चारही माणसं सुमितनंच भरती केलेली. गोदामाचा भगवंत प्रामाणिक, पण संध्याकाळी पाच वाजले की बारमध्ये, आणि दोन पेगनंतर पोटात काही राहत नसे. कुणाचंही नाव घेतलं असतं तरी शेठनी सही केली असती. भगवंत म्हटलं असतं तर भगवंत. दोन अक्षरं कमी-जास्त, आणि परवाच्या पॅसेंजरनं घर. पेनाचं टोक कागदावर टेकून राहिलं होतं, तिथं शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता. मृणाल खाली मान घालून वायर गुंडाळत होती.

"नहीं है, शेठ," झुंबर म्हणाला. तेरा वर्षांत पहिल्यांदा तो शेठना नाही म्हणाला, तो असा.

शेठनी पेन मिटलं. चिठ्ठीची घडी घातली, उठले, आणि ती झुंबरच्या वरच्या खिशात हळुवार सरकवून खांद्यावर हात ठेवला. "दिवाली में जाओ. चार दिन. गाड़ी छोड़ेगी स्टेशन तक." आणि पाणी मागितलं.

मग मृणालनं लॅपटॉप झुंबरपुढं सरकवला. पडद्यावर एक रिकामी चौकट होती. शेठ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनासुद्धा माहीत नको होतं.

"घरच्यांची नावं टाकू नका," मृणाल खालच्या आवाजात म्हणाली. "गावाचं नको. जन्मतारीख नको. लोक आधी तेच टाकून बघतात. अक्षरं, आकडे, काहीही मिसळा. अर्थ नसलेलं चांगलं." मग म्हणाली, "आणि काका, विसरू नका हं."

"लिखना मत कहीं पे," शेठ भिंतीकडूनच म्हणाले.

झुंबरनं आठ बोटं फिरवली. हाताला येईल ते अक्षर, येईल तो आकडा. चौकटीत नुसते तारे उमटले. यंत्रानं तेच पुन्हा मागितलं, त्यानं पुन्हा दिलं. मशीन उघडलं.

सहा वाजता तो कारखान्यातून निघाला. पुढच्या गुरुवारी लीला एक वाजता दुकानात येऊन बसेल. तिला काय सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, याचा विचार करायला हवा होता. पण तो विचार सुरू केला की एखादं अक्षर निसटे आणि तो रस्त्यातच थांबून पहिल्यापासून जुळवू लागे. खोलीपर्यंत पाऊण तासाची वाट होती. ओळखीच्या कुणी हात केला, कुणी "क्या झुंबरभाई" म्हटलं. त्यानं वर पाहिलं नाही. ओठ हलवत, ती आठ बिनअर्थाची अक्षरं आणि आकडे पाठ करत, तो कडेकडेनं चालत राहिला.