पितळी डब्यातला मोबाइल

सोमवार, ११ जून २००७. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. माझ्या पडद्यावर नेटवर्कच्या चार काड्या आहेत आणि मी अजून वाजलेलो नाही.

मित्रांनो, देवासच्या या घरात आलो तेव्हाच मी जुना मोबाइल होतो. २००२ साली विपुलदादांनी मला नवा घेतला. धारच्या बसस्टँडवर त्यांनी मला खिशातून काढलं की दोन-चार जण जवळ सरकत. "भिया, जरा दिखाना!" माझं चामड्याचं कव्हर दादांनी हौसेनं शिवून घेतलं होतं. पुढे त्यांच्याकडे रंगीत पडद्याचा फोन आला आणि मी त्यांच्या धाकट्या बहिणीला, कोमलताईला मिळालो.

मे महिन्यात ताईनं सोनकच्छच्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत दिली. बड्या मॅडमनी निघताना बजावलं, "छुट्टियों में ऑफिस सुबह सात से नौ है. फोन हम करेंगे, तुम मत करना."

आणि नेमकं सकाळीच माझं नेटवर्क जाऊ लागलं.

ताईनं काय काय केलं नाही! मला बंद करून चालू केलं. सिम काढून खोडरबरानं घासलं. बॅटरीखाली कागदाची घडी सरकवली. रोजची वेळ वहीत लिहिली: पावणेसातला काड्या असतात, नऊला पडदा कोरा, सव्वानऊला काड्या परत. काल संध्याकाळी ती वही घेऊनच दुरुस्तीच्या दुकानात गेली.

दुकानदारानं मला उलटंपालटं करून पाहिलं. "सेट एकदम ठीक है दीदी. कब से हो रहा है?"

"अधिक महिना लगा तब से."

"सुबह रखते कहाँ हो?"

ताईनं वही मिटली. मग हळूच म्हणाली, "डब्बे में. पीतल के."

"ढक्कन लगा के?" तो इतका हसला की त्याच्या हातातला स्क्रूचा पेचकस खाली पडला.

त्याचं असं झालं होतं. अधिक महिन्यात ताईच्या आई, यमुनाबाई, सकाळी सात ते नऊ सोवळ्यात पूजा करतात. माझं कव्हर चामड्याचं. म्हणून आंघोळ झाली की त्या मला चिमट्यानं उचलून पितळी डब्यात घालायच्या आणि झाकण घट्ट दाबायच्या. काल ताईनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तिथे पडत नाही, भिजत नाही. मला वाटलं, जपतेय मी त्याला!"

आज आठ वाजता ताईनं धीर करून स्वतःच शाळेला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "बेटा, तीन दिन फोन लगाया, लगा ही नहीं. जगह दूसरी लड़की को दे दी. बारह बजे तक उसका जवाब आना है. उसने मना किया तो तुम्हें फोन करूँगी."

तेव्हापासून मी खिडकीत आहे. यमुनाबाई सोवळ्यात तेहतीस अनारसे तळत आहेत. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "काड्या किती गं?"

"चारच आहेत, आई. वाढणार आहेत का?"

"कव्हर काढ त्याचं. आण इकडे."

"आई, तू सोवळ्यात आहेस."

"परत आंघोळ करीन. नळाला पाणी आहे अजून. तुझा फोन आला आणि मला कळलाच नाही, असं नको आता."

मित्रांनो, पाच वर्षांत मला पुष्कळ हातांनी धरलं, पण खसखस लागलेल्या, तुपाचा वास येणाऱ्या हातानं आजच. मला जपायचं तर एवढंच करा: झाकू नका, जवळ ठेवा. दोघींच्या मध्ये पाटावर मी मोठा सुखात आहे.

अकरा बावन्न. चार काड्या. एकवीस अनारसे झाले. फोन आलेला नाही.