तापातलं धरत नाहीत

गावाला आगगाडी आली त्याच साली मदनसिंग परदेशी कामठीहून बायको आणि चार वर्षांची चंदा घेऊन आला, आणि त्यानं स्टेशनाजवळ पावाची भट्टी घातली. तो मूळचा झाशीकडचा. एकोणिसशेच्या सुमाराच्या छप्पन्याच्या दुष्काळात पोटासाठी निघाला आणि कामठीच्या छावणीत एका म्हाताऱ्या मुसलमान उस्तादाच्या हाताखाली गोऱ्या शिपायांचे पाव भाजायला शिकला. गावात आल्या आल्या त्यानं हे सगळ्यांना अभिमानानं सांगितलं. शहाणा असता तर गप्प बसला असता.

गाव भट्टीचा वास फुकट घ्यायचं, पाव घ्यायचं नाही. पीठ पायांनी तुडवतो म्हणे, गोऱ्यांच्या पंगतीतला म्हणे, एक ना दोन. गिऱ्हाईक म्हणजे गाडीचे गार्ड आणि आजारी माणसं. डॉक्टरनं 'दूध-पाव द्या' म्हटलं की गावातला भलाभला सोवळेकरीही धोतर सावरत स्टेशनाकडे यायचा. मदनसिंगच्या बायकोला, रुपाबाईला, तेव्हा या गोष्टीचं हसू यायचं.

अठराच्या साली मानमोडीचा ताप आला आणि घरोघर चुली थंड पडल्या. रांधायला उभं राहील असं माणूसच उरलं नाही. रुपाबाईनं नवऱ्याला भट्टी विझवू दिली नाही. पावाची टोपली चंदाच्या हाती देऊन ती दारोदार फिरली. दौलतराव पाटलांच्या घरी तर ती नऊ दिवस पाटलीणबाईंच्या, कस्तुराबाईंच्या, उशाशी बसली आणि दुधात भिजवलेला पाव बोटांनी त्यांच्या तोंडात घालत राहिली. उठून बसण्याइतकी ताकद आल्यावर कस्तुराबाईंनी तिचा हात धरला. "रुपाबाई, तू माही बहीणच होय," त्या म्हणाल्या. रुपाबाईनं ते खरं मानलं. चूक झाली ती इथं.

चार वर्षांनी चंदासाठी कामठीचं स्थळ आलं. मुलाचा बाप किसनसिंग परदेशी घरी येऊन स्पष्टच बोलला. मदनसिंग गोऱ्यांचा भटारी झाला, बाटला, असं बिरादरीत बोलतात. गाव तुमच्या पंगतीला जेवताना मी डोळ्यांनी पाहीन, मग पोरगी आमची. रुपाबाईला हायसं वाटलं. अर्ध्या गावाला तर तिनं स्वतःच्या हातानं भरवलं होतं.

तिनं पुऱ्या तळल्या, बुंदी पाडली. पावाचा तुकडाही त्या दिवशी घरात ठेवला नाही. गाव आलं. पानं मांडली. किसनसिंग पहिल्या पानावर बसला. दौलतराव पाटील उभ्यानंच हात जोडून म्हणाले, "जेवण पावलं, मदनसिंग. आमाले शिधा देऊन टाका."

शिधा म्हणजे कोरडं पीठ, डाळ, मीठ. ज्याच्या घरचं शिजलेलं चालत नाही, त्याच्याकडून तो घ्यायचा आणि आपल्या चुलीवर रांधायचा. पाटलांमागून सगळ्यांनीच शिधा मागितला. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

रुपाबाई कस्तुराबाईंपुढे जाऊन उभी राहिली. "नऊ दिवस माह्या हातचं खाल्लं ना तुमी?"

"तापातलं धरत नाईत, बाई," कस्तुराबाई म्हणाल्या. लहान पोराला समजवावं तशा त्या मायेनं म्हणाल्या, म्हणून तर ते जास्त लागलं.

किसनसिंग पानावरून उठला आणि पाण्यालाही न शिवता संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. त्यानंतर चंदाला कोणी मागणी घातली नाही. मदनसिंगनं त्या पंगतीचा धसका घेतला आणि पुढच्या हिवाळ्यात गेला. भट्टी मायलेकींवर आली.

त्या पंगतीला चार वर्षं झाली. भादव्यातल्या एका सकाळी दौलतराव भट्टीच्या दारात येऊन उभे राहिले. "कस्तुराबाईले मुदतीचा ताप हाय. डाक्टर म्हणते, दूध-पावावर ठेवा."

फळीवर पाव वाफाळत होते. रुपाबाईनं तिकडे पाहिलं नाही. तिनं सुपात पीठ घेतलं, डाळ घेतली, वर मिठाचा खडा ठेवला आणि सूप त्यांच्यापुढे सरकवलं. "घ्या, पाटील. शिधा."

"हे काय करून राह्यली तू? आजारी मानूस हाय. तापातलं कोनी धरते काय?"

"तुमी नाई धरत. मी धरलं."

पाटील सूप तिथंच टाकून गेले. रुपाबाईला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. चार वर्षांत पहिल्यांदा तिला धड श्वास घेता आला.

मागे वळून पाहते तो चंदा एक गरम पाव फडक्यात बांधत होती.

"कुठी चालली?"

"पाटलाच्या घरी."

"जिनं तुह्या जन्माचं मातेरं केलं, तिले?"

"तू भरवे तवा टोपली धरून मीच उभी राहो, माय. तिचं तोंड मले आठोते." चंदा निघाली. रुपाबाईला तिला अडवता आलं नाही. जन्म नासला तो पोरीचा, नाही म्हणायचा हक्कही तिचाच, आणि ती तर स्वतःच निघाली होती.

घटकाभरानं चंदा परतली.

"घेतला?"

"घेतला."

"काई म्हणले?"

चंदानं फडकं झटकून खुंटीला अडकवलं. "मागच्या दारानं येत जाय म्हणले. रोज."

 रुपाबाईनं सुपातली डाळ आणि मिठाचा खडा बाजूला काढला, शिध्याचं पीठ परातीत ओतलं आणि उद्याचा पाव मळायला बसली.