काहील आणि समुद्र बंद असलेले तीन दिवस

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी काहील आहे. इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या किनाऱ्यावर एक कोळीगाव आहे, तिथल्या गावघरामागे मी उपडी पडलेली असते. माझ्या कडेला पोचा आहे आणि तळ इतका काळा, की कितीही घासा, हाताला काजळी लागतेच. मला त्याची लाज वाटत नाही. चुलीवर आयुष्य गेलं, तर तोंड काळं व्हायचंच.

चार माणसांनी मला बांबूला बांधून या गावात आणलं, तेव्हा मी चकचकीत होते आणि थोडी शिष्टही. लग्न असो, बारसं असो, माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. कोवळा फणस घालून बोकडाचा रस्सा करायचा तो माझ्यातच, आणि करायचा तो पुरुषांनीच. वल्ह्याएवढा डाव घेऊन ते घामाघूम होत ढवळायचे. बायका सावलीत बसून मिठावरून त्यांची टर उडवायच्या. ते दिवस आठवले की मला अजून ऊब येते.

मग वाईट वर्षं आली. डोंगरात बंडखोरांच्या आणि लष्कराच्या बंदुका वाजू लागल्या, तरणी माणसं नाहीशी होऊ लागली. कितीतरी जण होडीत बसून मलेशियाला पळाले. ते अजून थांबलं नव्हतं, तोच त्सुनामीची मोठी लाट आली. मी तरंगत गेले आणि दोन कोस आत एका नारळीच्या बागेत सापडले. मी ज्यांना जेवू घालत असे, त्यांतले निम्मे सापडलेच नाहीत. त्या वर्षी कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांनी तांदूळ पाठवला, तो माझ्यातच शिजला.

आता मी सांगते ती गोष्ट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घडली. वर्षातून एकदा आमचे कोळी समुद्राचं जेवण घालतात. बोकड कापतात, दुवा मागतात आणि तीन दिवस समुद्र बंद ठेवतात. एकही होडी मासे धरायला जात नाही. हा नियम राखतात अपा लेमान, समुद्राचे प्रमुख. अपा म्हणजे काका. अशाच एका जेवणाच्या सकाळी ते किनाऱ्यावर तीन दगडांच्या चुलीवर माझ्यातला रस्सा ढवळत होते आणि समोर एक होडी दिसली. इंजिन बंद, एका अंगाला कललेली, आणि तिच्यावर त्र्याऐंशी माणसं. म्यानमारमध्ये त्यांची गावं जाळली होती, माणसं मारली होती. ते रोहिंग्या होते. होडीच्या पुढच्या टोकाला सेनुआरा नावाची एक बाई तान्ही मुलगी घेऊन उभी होती. नवरा मलेशियात मजुरीला, म्हणून तिला मोडकीतोडकी मलय भाषा येई, आणि ती आमच्या लोकांना कळते.

"पाणी संपलं," ती ओरडून म्हणाली. "पोरगी आता रडतपण नाही."

आमचा गावप्रमुख मुखलिस काही वाईट माणूस नव्हे. पण शेजारच्या गावात असेच लोक उतरले तेव्हा भांडणं झाली होती, फोनवर नाही नाही ते संदेश फिरत होते. तो घाबरला होता.

"त्यांना पाणी द्या, भात द्या, डिझेल द्या," तो म्हणाला. "मग दोन होड्या लावा आणि ओढून बाहेर खोल समुद्रात सोडून या."

अपा लेमाननी मानसुद्धा वर केली नाही. "समुद्र बंद आहे."

"काका, आपण काय मासे धरायला चाललोय?"

"बुडणाऱ्याला आणायला केव्हाही जाता येतं. बुडवायला न्यायचं, तर बंद म्हणजे बंद."

"बरं, उद्या."

"उद्यापण बंद."

"परवा तरी?"

"तीनपर्यंत मोजता येतं ना रे तुला? जेवणाची तारीख तूच ठरवलीस. मी म्हणत होतो, पुढच्या आठवड्यात करू."

लोक हसले. मुखलिस मात्र नाही हसला. दोन होड्या गेल्या आणि सगळ्यांना किनाऱ्यावर घेऊन आल्या.

मुखलिसची आई, न्याक सापिया, काठी टेकत माझ्यापाशी आली. "हा रस्सा काढा आधी. इतक्या दिवसांच्या रिकाम्या पोटात तिखट घालाल तर मारून टाकाल त्यांना. पेज करा." पुरुष कुरकुरले, पण रस्सा बादल्यांत गेला आणि माझ्यात मऊ पेज रटरटू लागली. संध्याकाळी सेनुआराची मुलगी रडली. तिचं रडणं ऐकून माझ्याभोवतीची दांडगी माणसं डोळे पुसू लागली, आणि धूर लागला म्हणाली.

तिसऱ्या दिवशी शहरातून एक सरकारी साहेब आले. गाव नको म्हणत असेल, तर सूर्यास्ताला समुद्र उघडला की होडी ओढून न्यायची तयारी करून आले होते. मुखलिसच्या एका शब्दावर त्र्याऐंशी जीव होते.

न्याक सापिया चुलीजवळच बसली होती. "मुखलिस, त्या वाईट वर्षांत पळून मलेशियात पिनांगला उतरलास तेव्हा पायात चपला होत्या का रे?"

"आई, लोकांसमोर नको."

"जेवू कुणी घातलं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "एका तमिळ बाईनं."

"परत कधी जाणार, असं विचारलं तिनं?"

मुखलिस साहेबांकडे वळला. "साहेब, समुद्र आज उघडेल. पण ती होडी ओढायला या गावातला एक दोर मिळणार नाही तुम्हाला. हे लोक आमच्या चुलीवर जेवलेत. पाहुणे आहेत आमचे. लिहून घ्या, माझ्या नावावर लिहा."

मला त्याचा फार अभिमान वाटला. काहिलीला टाळ्या वाजवता येत नाहीत, एवढंच.

त्या लोकांना पुढे शहरातल्या छावणीत नेलं. त्यांना अजून घर नाही, गाव नाही, परतीची वाट नाही. गेल्या साली न्याक सापिया वारली, तेव्हा तिच्या नावानं घातलेल्या जेवणाला सेनुआरा छावणीतून मुलीला घेऊन आली. तिनं अपा लेमानच्या हातातला डाव घेतला आणि माझ्यातला रस्सा ढवळायला लागली. बाईनं डाव धरल्याचं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. अपा लेमान सावलीत जाऊन बसले आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

आता गावात हलकी ॲल्युमिनियमची भांडी आलीत. मला एरवी वर्षातून एकदाच बाहेर काढतात. पण समुद्राच्या जेवणाला मुखलिस तांदूळ त्र्याऐंशी माणसांचा जास्तच धरतो आणि जेवण होईपर्यंत पाण्याकडे बघत असतो.

मित्रांनो, मला अधूनमधून तेल लावा, पावसाळ्यात उपडी ठेवा, नाहीतर गंज धरेल. नाही जमलं तरी मी रागावणार नाही, माझं आता वय झालं. पण किनाऱ्यावरचे ते चुलीचे तीन दगड तेवढे हलवू नका. समुद्रात अजून होड्या आहेत.